लेखपरीक्षण कीं अस्सलपरीक्षण ?

हल्लीं निघणाऱ्या बहुतेक संशोधनपर नियतकालिकांच्या मुखपृष्ठाच्या आंतील बाजूस ‘समकक्ष विद्वानांकडून परीक्षित’ अशा अर्थाची एक ओळ छापलेली असते. ही ओळ नसेल तर आंतील लेख विद्यापीठांच्या हिशेबीं धरला जात नाहीं, आणि ओळ असली म्हणजे लेख तपासला गेला असें वाचक निःशंकपणें मानतो. पण तपासला म्हणजे त्यांतलें काय तपासलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या अभ्यासांत सारा डोलारा एखाद्या जुन्या कागदावर, पोथीवर किंवा शिळेवर उभा असतो, त्या आमच्या अभ्यासापुरतें तरी या प्रश्नाचें आज मिळणारें उत्तर समाधानकारक नाहीं, असें आमचें मत आहे. तें मत सप्रमाण मांडण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

पद्धति थोडक्यांत अशी : लेख आला म्हणजे संपादक तो प्रथम स्वतः चाळतो व विषयाबाहेरचा असल्यास तेथूनच परत करतो. राहिलेल्या लेखांवरील कर्त्याचें नांव काढून तो त्या विषयाच्या दोन जाणत्यांकडे पाठवितो. लेख कोणाचा हें परीक्षकांस कळत नाहीं व परीक्षक कोण हें लेखकास कळत नाहीं. छापावा, सुधारून छापावा किंवा छापूं नये, असा अभिप्राय परीक्षकांनीं द्यावयाचा असतो. दोघांचें जमलें नाहीं तर तिसऱ्यास विचारतात. या कामाबद्दल परीक्षकास बहुधा कांहींच मिळत नाहीं. त्याच्या हातीं येतात तीं टंकलिखित पानें, आणि मुदत असते कांहीं आठवड्यांची. पानांवर जें आहे त्यावरून त्यानें मत द्यावयाचें. पानांवर जें नाहीं तें मागण्याचा अधिकार त्याला आहे, पण तो बजावणारा परीक्षक आमच्या पाहण्यांत क्वचितच आला.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत कोंढा म्हणून गांव आहे. त्या बाजूच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं आपला एक लेख व त्यावर आलेले दोन अभिप्राय आमच्याकडे पाठविले आणि ‘यांत आमचें काय चुकलें तें सांगावें’ असें विचारलें. लेख एका मोडी कागदावर आधारलेला होता. तो कागद त्याच्या मालकाचा व त्यावरचा लेख त्याच्या लेखकाचा. तेव्हां मजकुराविषयीं आम्ही येथें कांहीं लिहीत नाहीं. नियतकालिकाचें नांवहि देण्याचें कारण नाहीं, कारण जें तेथें घडलें तें अन्यत्रहि घडतें. पहिल्या परीक्षकानें चार ओळींत भाषा सदोष व संदर्भग्रंथांची यादी अपुरी असल्याचें सांगून लेख नाकारला होता. दुसऱ्याचा अभिप्राय लांबलचक होता. त्यांत ग्रामव्यवस्थेविषयींच्या चालू सिद्धांतांची चर्चा लेखकानें केली नाहीं याबद्दल खेद व्यक्त केला होता. कागद कोठें आहे, कोणाकडून आला, त्यावर शिक्का आहे कीं नाहीं, तो अस्सल आहे कीं मागाहून केलेली नक्कल, हें दोघांपैकीं एकानेंहि विचारलें नव्हतें.

आम्हीं छायाचित्रें मागविलीं. तीं पाहतां लेख आहे त्या स्वरूपांत छापण्याजोगा नव्हताच, असें आम्हांस नाइलाजानें म्हणावें लागतें. पण त्याचें कारण परीक्षकांनीं दिलें तें नव्हे. मूळ कागदांत सन अरबी शब्दांनीं लिहिलेला होता. लेखकानें त्याचा आंकडा बरोबर मांडला, तो फसली सन समजून इसवी सन काढला, आणि लेखांत नुसता तो इसवी सनच दिला. आतां अरबी शब्दांनीं लिहिलेला सन बहुधा सुहूर असतो हें या पृष्ठांच्या वाचकांस सांगावयास नको. पानिपतच्या वर्षीं सुहूर सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१, होता. तो मृगापासून धरतां इ. स. १७६०-६१ येतो. तोच आंकडा दक्षिणी फसली समजला तर १७५१-५२ निघेल, म्हणजे नऊ वर्षांची तफावत. एवढ्या अवधींत कमावीसदार बदलतात, वारसाहक्काचे वाद निकालांत निघतात, माणसें मरून जातात. कोंढ्याच्या लेखांत नेमकी हीच गफलत होती, आणि ती दुरुस्त केली तर त्या कागदाचें महत्त्व कमी न होतां वाढतें. परीक्षकांस ही गफलत दिसणें शक्य नव्हतें, कारण मूळ शब्द त्यांच्यापुढें नव्हते. आणि ते मागवावेत असें त्यांस वाटलें नाहीं. निकाल बरोबर लागला, पण न्यायाधिशानें कागद पाहिलाच नव्हता, अशांतला हा प्रकार झाला. लेखकास मात्र यांतून एवढेंच कळलें कीं आपली ग्रंथयादी लांब असावयास हवी होती. पुढल्या खेपेस तो ती लांब करील, आणि सन चुकलेला लेख कदाचित् छापून येईल.

या पद्धतीचा उगम विलायतेंतला. ओल्डेनबर्ग यानें १६६५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नांवाशीं निगडित झालेलें ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ काढलें तेव्हां निवड तो एकटा करीत असे. १७५२ सालीं सोसायटीनें तें काम एका समितीकडे घेतलें, आणि लेखांवर लेखी अभिप्राय मागविण्याची रीत १८३१-३२ च्या सुमारास सुरू झाली. आज ही रीत अनादि वाटते. पण ‘नेचर’सारख्या पत्रानें बाहेरचें परीक्षण प्रत्येक लेखास आवश्यक केलें तें १९७३ सालीं. अज्ञात परीक्षकाचे गुण आम्हांस नाकारावयाचे नाहींत. १९३६ सालीं आइन्स्टाइन यानें आपल्या एका सहकाऱ्याबरोबर गुरुत्वलहरींवर लिहिलेला लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला असतां संपादकानें तो परीक्षकाकडे दिला. परीक्षकानें दोष दाखविला, आणि आपला लेख छापण्यापूर्वीं दुसऱ्यास दाखविला म्हणून आइन्स्टाइन रागावला व त्यानें तो तेथून काढून घेतला. दोष खरा होता, आणि पुढें दुसरीकडे छापतांना तो सुधारावा लागला. परीक्षक रॉबर्टसन हे होते, हें त्या पत्राच्या जुन्या नोंदवहीवरून निश्चितपणें प्रसिद्ध झालें तें २००५ सालीं. नांव गुप्त होतें म्हणूनच आइन्स्टाइनसारख्याला ‘आपण चुकलां’ असें सरळ सांगतां आलें, हें कोणीहि मान्य करील. पण गणिताच्या लेखांत लेख आणि त्याचा पुरावा हीं दोन्ही एकाच पानावर असतात. परीक्षकानें लेखणी घेऊन तेंच गणित पुन्हां करून पाहावें म्हणजे झालें. इतिहासाच्या लेखाचा पुरावा पानाबाहेर, कोणाच्या तरी माजघरांतल्या पेटींत असतो. एका शास्त्राची रीत दुसऱ्यास जशीच्या तशी लावतांना हा भेद आमच्याकडे कोणी लक्षांत घेतला नाहीं.

रीत आली, आणि तिच्यामागोमाग तिचें सोंगहि आलें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादींतील, विद्यापीठांनीं सुचविलेल्या नियतकालिकांची पाहणी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठांतील भूषण पटवर्धन प्रभृति अभ्यासकांनीं केली, ती २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तपासलेल्या १००९ नियतकालिकांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीचीं असावींत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कित्येकांचा पत्ता खोटा किंवा संपादकांचीं नांवेंच नाहींत, अशी स्थिति होती. त्याच वर्षीं आयोगानें ४३०५ नियतकालिकें यादींतून काढलीं आणि पुढें ‘केअर’ नांवाची नवी यादी केली. फेब्रुवारी २०२५ मध्यें तीहि बंद केल्याचें जाहीर केलें व नियतकालिकाची पारख ज्या त्या संस्थेवर सोंपविली. या साऱ्या खटाटोपाविषयीं अधिक लिहिण्यांत अर्थ नाहीं. ‘परीक्षित’ हा शिक्काहि इतर शिक्क्यांप्रमाणें बनावट निघूं शकतो, हें शिक्के पाहण्यांत आयुष्य घालविणाऱ्यांस नवें नाहीं.

आतां आमच्या घरची रीत पाहूं. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनीं ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. त्याच्या पाक्षिक सभांतून टिपणें वाचलीं जात, तीं इतिवृत्तांतून, संमेलनवृत्तांतून व पुढें त्रैमासिकांतून छापलीं जात. या रीतीस कोणी ‘समकक्ष परीक्षण’ म्हटलें नाहीं, पण तिच्यांत एक गोष्ट होती : साधन आधीं, सिद्धांत मागाहून. कागद मुळाबरहुकूम छापून टाकावा आणि त्यावर ज्याला जें म्हणावयाचें तें त्यानें आपल्या नांवानें म्हणावें. लोकमान्य टिळकांनीं कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली १९१६ सालीं मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत प्रसिद्ध केली. तिच्यांत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, असा दिलेला आहे. तोंवर बखरींच्या आधारानें शके १५४९ चा वैशाख रूढ होता. आजच्या रीतीनें ही शकावली दोन अज्ञात परीक्षकांकडे गेली असती तर काय झालें असतें याचा तर्क करण्याचा मोह होतो. एकानें ‘सर्वमान्य मताशीं विसंगत’ म्हणून ती परत केली असती असें आम्हांस वाटतें. ती छापली गेली, म्हणून जंत्री घेऊन बसणाऱ्या प्रत्येकास तिथि व वार ताडून पाहतां आले. मागाहून तंजावरच्या प्रतीवरून दिवेकरांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या शिवभारतांत तीच तिथि मिळाली, आणि जोधपूरच्या एका संग्रहांतील कुंडलीहि तिच्याशीं जुळली. तरीहि विरोध संपला नाहीं. सरकारनें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ सालीं. येथें परीक्षण छापण्यापूर्वीं आटोपलें नव्हतें. छापल्या दिवशीं तें सुरू झालें आणि पुढें पाऊणशें वर्षांहून अधिक काळ चाललें.

याच्या उलट उदाहरण खुद्द राजवाड्यांचेंच आहे, व तें दडवून ठेवण्याचें कारण नाहीं. १९०९ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली ती बीडजवळच्या पाटांगण येथें मिळालेल्या पोथीवरून. ही पोथी एकनाथपूर्व असून सर्वांत जुनी, असें त्यांचें प्रतिपादन. राजवाड्यांएवढा अधिकार त्या काळीं दुसऱ्या कोणाचा होता ? पण ती पोथी नंतरच्या अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाहीं, आणि त्यामुळें तिच्या काळाचा वाद आजतागायत अनिर्णीत आहे. मूळ गेलें म्हणजे उरतें तें संपादकावरील विश्वास किंवा अविश्वास. आणि शिष्यांनीं विश्वास ठेवावा व प्रतिपक्षानें ठेवूं नये, एवढाच मग वादाचा मार्ग राहतो. त्या पोथीच्या दोन पानांचें छायाचित्र कोणीं घेऊन ठेवलें असतें तर शेंकडों पानांची वादावादी वांचली असती !

भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ मध्यें हातीं घेतलें तेव्हां पहिलें पर्व छापण्याची घाई केली नाहीं. १९२३ सालीं उटगीकर यांनीं विराटपर्वाची केवळ तात्पुरती अशी आवृत्ति काढली, आणि ती देशांतील व बाहेरील संस्कृतज्ञांकडे अभिप्रायार्थ पाठविली. एवढ्या मोठ्या संस्थेनें आपला कच्चा खर्डा जगापुढें ठेवून ‘दोष दाखवा’ म्हणावें, यासारखें परीक्षण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं. त्यानंतर सुखटणकरांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें, आणि सुमारें १२५९ हस्तलिखितांच्या आधारें उभारलेलें तें कार्य १९६६ सालीं सिद्धीस गेलें. या आवृत्तीची खरी थोरवी पानाच्या तळाशीं आहे. तेथें प्रत्येक नाकारलेला पाठ त्याच्या प्रतीच्या खुणेसह दिलेला असल्यामुळें संपादकाचा निर्णय उलटा फिरविण्याचें साधन संपादकानेंच वाचकाच्या हातीं दिलें आहे. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळांतून एक जुनी प्रत उपलब्ध झाली. सुखटणकरांनीं आपला छापील पाठ तिच्याशीं ताडून पाहिला. अनेक ठिकाणीं तिनें त्यांच्या निर्णयास दुजोरा दिला, आणि हें सर्व त्यांनीं जाहीरपणें मांडलें. असा साक्षीदार मागाहून येईल या जाणिवेनें काम करणारा संपादक परीक्षकाची वाट पाहत बसत नाहीं.

आपल्या वऱ्हाड-नागपूरकडेहि ही शिस्त अपरिचित नव्हती. पवनीच्या दक्षिणेस, नागभीड तालुक्यांत देवटेक येथें मिळालेल्या शिळेचा निर्देश कनिंगहॅम यांनीं एकोणिसाव्या शतकांतच केला होता. म. म. वा. वि. मिराशी यांनीं तिचें वाचन नव्यानें करून १९३५ सालीं म्हैसूरच्या प्राच्यविद्या परिषदेपुढें मांडलें. एकाच शिळेवर दोन वेगळ्या काळांचे लेख आहेत : एक प्राण्यांस पकडण्या-मारण्यास मनाई करणारी कोणा स्वामीची आज्ञा, व दुसरा वाकाटक रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा. त्यांतील स्थलनाम जवळच्या चिकमारा गांवाशीं त्यांनीं जुळविलें. हें वाचन कोणास पटो वा न पटो, ठसा, पाठ व भाषांतर हीं तिन्ही पुढें वाकाटक-लेखसंग्रहांत, १९६३ सालीं, एकत्र छापलेलीं आहेत. आक्षेपकास मिराशींची परवानगी घ्यावी लागत नाहीं. पवनीस मात्र प्रकरण अधिक नाजूक आहे. तेथील जगन्नाथ टेकडीचें उत्खनन १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खातें यांनीं केलें, आणि शां. भा. देव व ज. प. जोशी यांचा वृत्तांत १९७२ सालीं निघाला. उत्खनन म्हणजे वाचतां वाचतां पोथी फाडीत जाणें होय. खणलेला थर दुसऱ्या परीक्षकास पुन्हां खणतां येत नाहीं. तेव्हां वृत्तांतांतील प्रत्येक नकाशा व प्रत्येक खापराची नोंद हीच तेथें अस्सल प्रत ठरते, आणि तो दोन वर्षांत बाहेर पडला हें त्या संपादकांचें मोठेंच श्रेय आहे.

साधनें छापलेलीं असूनहि न पाहण्याची खोड मात्र आमची जुनीच. भंडारा हें नांव तेथल्या पितळी भांड्यांवरून पडलें असें सांगणारे लेख अजून येतात. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखांत लांजिका व वैरागर यांच्या शेजारींच भाणार हें नांव आलेलें आहे, व तें भंडाऱ्याचेंच जुनें रूप होय असें मानतात. त्या लेखाचा पाठ कीलहॉर्न यांनीं एपिग्राफिआ इंडिकाच्या पहिल्याच खंडांत दिला. तो न उघडतां लिहिलेला लेख व तो न उघडतां ‘छापावा’ म्हणणारा परीक्षक, यांच्यांत अधिक दोषी कोण ?

जुनी रीत निर्दोष होती असें मात्र कोणी समजूं नये. सभा पुण्यास भरे; कोंढ्याच्या, किंवा त्यापुढल्या लाखांदूरच्या माणसास तेथें जाणें परवडणारें नव्हतें. सहीनिशीं आक्षेप घ्यावयाचा म्हणजे वडीलधाऱ्यांचा रोष पत्करणें आलें, आणि कित्येक वाद कागदाचे न राहतां माणसांचे झाले. आजच्या रीतींत ओळखीपाळखीचा अडसर नाहीं. कोंढ्याहून आलेला लेख व विद्यापीठाच्या दालनांतून आलेला लेख, दोन्ही नांवाशिवाय परीक्षकापुढें जातात. हा लाभ घालवूं नये. म्हणून आमची सूचना लहानशी आहे. परीक्षकाचें नांव गुप्त राहूं द्यावें. पण जुन्या साधनावर आधारलेल्या प्रत्येक लेखाच्या शेवटीं, परीक्षकानें मूळ पाहिलें, कीं छायाचित्र पाहिलें, कीं केवळ लेखकानें दिलेली नक्कल पाहिली, हें एका ओळींत छापावें. तिसऱ्या प्रकारची ओळ छापावी लागणाऱ्या संपादकास थोडा संकोच वाटेल, आणि पुढल्या वेळीं तो छायाचित्र मागवील. सकळ लिपींतल्या महानुभाव पोथीवरचा लेख ती लिपि न जाणणाऱ्याकडे गेला, तर तेंहि त्याच ओळींत उघड होईल.

यावर संग्राहकांकडून येणारी हरकत आम्हांस ठाऊक आहे. मूळ पाठवावें तर तें परत येईल याची शाश्वति नाहीं, आणि एकदां उसनी गेलेली पोथी परत न आल्याच्या कथा ज्याच्या घरीं नाहींत असा संग्राहक विरळा. मूळ पाठविण्याचें कारणच नाहीं. आज चांगलें छायाचित्र घरबसल्या घेतां येतें. तें घेतांना कागदाशेजारीं मोजपट्टी ठेवावी. शिक्क्याचें वेगळें, जवळून घ्यावें. जीर्ण कागद उजेडाकडे धरून एक घ्यावें, म्हणजे कागदाची वीण दिसते. आणि कागद कोणाकडून, केव्हां, कोणत्या बस्त्यांतून आला तें दोन ओळींत लिहून जोडावें. शिवाय कागदाच्या पाठीचें छायाचित्र अवश्य पाठवावें. आमच्याकडे आजवर जेवढीं छायाचित्रें आलीं त्यांत बहुतेकांनीं पाठ कोरी म्हणून सोडून दिली होती. दफ्तरांतल्या नोंदीचे शेरे, आणि लांब कागद खळीनें जोडला असल्यास जोडावर उमटविलेले शिक्के, पुष्कळदां तेथेंच असतात.